ओट्यालगतची राखीव जागा

पेणला आमच्या घराचा ओटा रस्त्यापासून बरोबर स्कूटरच्या सीटइतका उंच होता. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. घर बांधलं तेव्हा आळीत स्कूटर नव्हती आणि माझी बहीणही जन्मलेली नव्हती. ताईला तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला आणि पस्तिसाव्या वर्षी, मागे दोन जादा चाकं लावलेली, बटण दाबून सुरू होणारी स्कूटर मिळाली. पहिल्याच दिवशी तिने ती ओट्याला घासून उभी केली, हाताचा पंजा ओट्याच्या फरशीवर टेकला, अंग एकदा उचललं आणि ओट्यावर बसली. मग लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर लावलेला पाय हाताने वर घेतला. तिथून दार पाच पावलांवर. चौकटीला धरून ती आत गेली. मी शेजारी दोन्ही हात पुढे करून उभा होतो. त्या हातांचं आता काय करायचं, हे मला काही वेळ कळलं नाही.

त्याआधीची तीस-बत्तीस वर्षं ती उचलली गेली होती. आधी वडिलांनी उचललं, मग मी. शाळेत शिपायाने, एस्टीत कंडक्टरने, लग्नकार्यात जो कुणी रिकामा असेल त्याने. उचलणारा माणूस गप्प बसत नाही, असं तिचं म्हणणं होतं. ‘वजनच नाय हो काही’ म्हणतो, नाहीतर ‘आलं, आलं, पोचलो’ म्हणतो. आणि उतरवल्यावर, कुणी पाहिलं का, म्हणून आजूबाजूला बघतो. स्कूटर आल्यापासून ती सकाळी साडेनऊला आपली आपण निघायची, तालुक्याच्या एका कचेरीत दिवसभर आवक-जावक लिहायची आणि सहाच्या सुमारास आपली आपण घरात यायची. मधे कुणाला हाक मारावी लागत नव्हती. तेवढंच तिला हवं होतं. ‘स्वावलंबन’ हा शब्द कुणी वापरला की ती पदर नीट करायची आणि विषय बदलायची.

पण ही सगळी व्यवस्था ओट्यालगतच्या पाच-सहा फूट रस्त्यावर अवलंबून होती, आणि तो रस्ता आमचा नव्हता.

शेजारी गणपतीचा कारखाना होता. पेणमध्ये हे सांगण्यासारखं काही नाही. शेजारी कारखाना नसता तर सांगावं लागलं असतं. दिवाळी सरली की मूर्ती साच्यातून निघायला लागत आणि वाळायला रस्त्यावर येत. आळीत ऊन फक्त आमच्या बाजूला पडे. त्यामुळे आमच्या ओट्याला लागून हारीने ओले गणपती बसलेले असत, सगळे पांढरे, सगळे एकाच दिशेला बघणारे. मूर्ती नसतील तर टेम्पो असे. टेम्पो नसेल तर टेम्पो येणार म्हणून कुणीतरी ठेवलेला दगड असे.

कारखान्याचा मालक वाईट माणूस नव्हता. ताई आली की तो आतून ओरडे, ‘दोन मिंटं हां, ताय.’ ओला गणपती हलवायला दोन माणसं लागतात, आणि ती दोन माणसं नेहमी तिसरीकडे असतात. ताई हॉर्न वाजवत नसे, ‘जागा होईल का?’ एवढं विचारायची. स्कूटरवर बसून वर्तमानपत्र काढायची. त्या दोन मिनिटांत तिचे अग्रलेख वाचून होत. अग्रलेख वाचणारी आळीतली ती एकमेव व्यक्ती होती, आणि त्याचं श्रेय गणपतींना होतं.

एके दिवशी मालकाला तिची खरंच दया आली. सहा वाजून गेले होते, मूर्ती रंगाला घ्यायच्या म्हणून नुकत्याच मांडणीने लावल्या होत्या आणि त्या हलवणं जिवावर आलं होतं. त्याने दोन कामगारांना खूण केली. ताईला काही कळायच्या आत त्या दोघांनी तिला स्कूटरवरून उचललं आणि मूर्तींच्या रांगेवरून पलीकडे ओट्यावर ठेवलं. फार हळुवारपणे ठेवलं. त्यातला म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, ‘हाताला धरू नको. खालून धर, गणपतीच्या पाटाला धरतोस तसा.’

मी दारात होतो. ताई चौकट धरून उठली. आत आली, कॅलिपरचे पट्टे सोडले, आणि मला म्हणाली, ‘तुझ्याकडे फुलस्केप कागद असेल ना?’

अपंगांसाठीचा कायदा दिल्लीत नुकताच झाला होता. तेव्हा ‘अपंग’ म्हणत. पुढे शब्द बदलला, ओट्यांची उंची तीच राहिली. कायद्यात काय आहे हे आळीत कुणालाच माहीत नव्हतं, पण ताईच्या कचेरीत त्याचं परिपत्रक आलं होतं आणि आलेला प्रत्येक कागद वाचणं हे तिचं काम होतं. नगरपालिकेला द्यायच्या अर्जाचा मसुदा मी केला. मी शाळेत मराठी शिकवतो. माझ्या मसुद्यात तीन विशेषणं होती. ती तिने खोडली. उरलं ते असं: घरासमोर वाहन उभं करता आलं नाही तर मला घरात जाता येत नाही, तरी त्या जागी खूण करून मिळावी.

मग अलिबागला जाऊन जिल्हा रुग्णालयाचा दाखला आणला, की तिसऱ्या वर्षापासून न हलणारा पाय अजूनही हलत नाही. बाकी कागद जोडले. तीन महिन्यांनी उत्तर आलं, आणि ते चक्क होकारार्थी होतं. एका वाहनापुरती जागा, पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेली. जागा कोणा एका व्यक्तीच्या नावाची नसून कोणत्याही अपंग व्यक्तीच्या वाहनासाठी असेल. रस्त्यावर सोबतच्या नमुन्याप्रमाणे चिन्ह काढावं. आखणी रहिवाशांनी करून घ्यावी. सोबत नमुना होता: चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं चिन्ह, पण प्रतीची प्रत, तिची प्रत असं होत होत त्याचं एक मोठं वर्तुळ आणि वर्तुळावर टेकलेला काळा डाग उरला होता.

पत्राची बातमी संध्याकाळपर्यंत आळीभर झाली. समोरचे निवृत्त तलाठी ओट्यापाशी येऊन म्हणाले, ‘म्हणजे सातबाऱ्यावरच चढवलंत म्हणा की.’

‘माझ्या नावावर नाही, काका. कुणाही अपंगाची आहे.’

‘म्हणजे उद्या नागोठण्याहून कुणी लंगडा आला, तर तो पण इथं लावणार?’

‘लावू दे. चहा करीन त्याला.’

कारखान्याचा मालक हात पुसत आला. त्याने पत्र उलटसुलट पाहिलं. ‘ताय, माज्याकडं गेल्या सालचा एक गणपती हाय, सोंड गेलेला. त्याला चालंल काय या जागंत?’

‘दाखला आण त्याचा अलिबागहून.’

तो हसला, आणि मग म्हणाला, ‘तसा मला राग नाय. तुम्ही विचारलं असतं तर मीच जागा ठेवली असती.’ ताईने त्याला दोन वर्षं रोज विचारलं होतं, हे ती बोलली नाही. त्याला ते खरंच वाटत होतं, आणि अशा माणसाला हिशोब दाखवून काही उपयोग नसतो.

पट्टे एका दुपारी मी आणि ताईनेच मारून टाकावेत, असा आमचा बेत होता. पण आळीच्या मंडळाचे अध्यक्ष आले. त्यांचं खतांचं दुकान होतं आणि त्यांना समारंभांची भूक होती. उद्घाटन केल्याशिवाय त्यांनी नळालाही पाणी येऊ दिलं नसतं. ते म्हणाले, ‘अशी जागा जिल्ह्यात कुठं नसंल. चोरून कशी करायची? मंडळ करील.’ ताई म्हणाली, ‘नुसते चार पट्टे तर आहेत.’ अध्यक्ष म्हणाले, ‘तेच तर.’ आणि जागा मंडळाची झाली.

रंगारी कोण, हा प्रश्न पेणमध्ये कुणी विचारत नाही. त्या दिवशी कारखान्यात हमरापूरचा एक म्हातारा आला होता. तो डोळ्यांची आखणी करणारा. मूर्तीचं बाकी सगळं दुसरे करतात. डोळे मात्र अशा एखाद्याच्या हातून व्हावे लागतात, आणि ते झाले की काम पुरं झालं असं मानतात. तो दिवसभर डोळ्यांशिवाय काही रंगवत नसे. अध्यक्षांनी त्याला दुपारचा चहा पाजून रस्त्यावर आणलं आणि हातात नमुना दिला.

त्याने कागद लांब धरला, जवळ धरला. ‘ह्यो कोन म्हनायचा?’

‘गाडीवर बसलेला,’ अध्यक्ष म्हणाले.

‘तोंड कुठं हाय?’

‘ते छपाईत गेलं असंल.’

मी शाळेतून आलो तेव्हा काम पुरं झालं होतं आणि सात-आठ माणसं वाकून बघत उभी होती. पट्टे सरळ होते. मधोमध, ओट्याच्या बाजूला सरकवून, मोठं पिवळं चक्र होतं. त्याच्यावर एक पुरुष बसला होता, एक पाय दुमडलेला, एक खाली सोडलेला, एक हात चक्रावर. कारखान्यात पितांबरासाठी आणलेला पिवळा रंग वापरला होता. देवांना असं बसवायची जुनी रीत आहे, मूर्तिशास्त्राच्या पुस्तकांत तिला नावही आहे. म्हाताऱ्याने ती पुस्तकं पाहिली नव्हती, हात आपोआप तिकडे गेला होता. आणि त्या पुरुषाला चेहरा होता, आणि चेहऱ्याला डोळे होते. मी पेणमध्ये जन्मलो, लाखभर मूर्तींचे डोळे येताजाता पाहिले असतील. इतके शांत डोळे फार थोडे. ते वर, थेट बघणाऱ्याकडे बघत होते.

मी म्हातारबाबांना विचारलं, ‘डोळे नमुन्यात नव्हते ना?’

‘नमुना अर्धा व्हता,’ तो म्हणाला. ‘डोळं नाय काढलं तर मानूस आंधळा ऱ्हाईल. आधीच पायानं अधू.’

ताई आली. स्कूटर थांबवून तिने चित्रातल्या माणसाकडे पाहिलं. ‘माझ्यापेक्षा बरा बसलाय,’ ती म्हणाली.

रंग ओला होता म्हणून त्या दिवशी तिने स्कूटर कोपऱ्यावर लावली आणि मी तिला धरून आणलं. दुसऱ्या दिवशी समारंभ होता. राखीव जागेत पंचवीस खुर्च्या मांडल्या होत्या, चित्राभोवती मात्र रांगोळी आणि मोकळी जागा. ताई कचेरीतून आली तेव्हा भाषण चालू होतं. अपंगांना समाजाने वाट करून द्यावी, असा विषय होता. ती गर्दीच्या मागे स्कूटरवर थांबली. अध्यक्षांना ती दिसल्यावर शाल आणि नारळ हातोहात तिच्यापर्यंत मागे गेले. तिने शाल मांडीवर ठेवली. वाट व्हायला आणखी पाऊण तास लागला, कारण खुर्च्या भाड्याच्या होत्या आणि मोजून द्यायच्या होत्या.

पुढचे काही दिवस मी अजिबात कल्पना केली नव्हती असे गेले. जागा मोकळी राहिली. टेम्पोवाले येत, डोकावून बघत आणि पुढे जाऊन लावत. कारखान्याचा माल पलीकडे सावलीत वाळू लागला. अर्जाने, परिपत्रकाने, दाखल्याने झालं नसतं ते दोन डोळ्यांनी केलं. मी शाळेतल्या सहकाऱ्यांना हे फार आढ्यतेने सांगितलं.

अडचण एवढीच होती, की ज्याने टेम्पो अडले त्यानेच ताईही अडणार होती, हे आम्हां दोघांना सुचलं नव्हतं. ओट्याला घासून स्कूटर उभी केली की जादा चाकांपैकी आतलं चाक बरोबर त्या चेहऱ्यावर यायचं. तिने पहिल्यांदा लावली तेव्हा तलाठ्यांच्या घरातल्या काकी धावतच आल्या. रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या.

‘अगो, तोंडावर चाक घालतेस?’

‘काकी, ते चिन्ह आहे. गाडी कुठे लावायची त्याची खूण.’

‘खूण असली तर डोळे कशाला बघतायत?’

ताईने स्कूटर हातभर मागे घेतली. आता ओटा हाताला पुरेना. पुढे घेतली तर पायऱ्या आड यायच्या. तिने पुन्हा मूळ जागी लावली आणि आत गेली. थोड्या वेळाने मी बघितलं तर काकी तांब्या घेऊन चाकाच्या आजूबाजूचा चेहरा पुसत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई कचेरीला गेल्यावर तिथे जास्वंदीचं फूल होतं.

भांडण कुणीच केलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, आमच्याकडे नगरपालिकेचं पत्र होतं. पण रोज संध्याकाळी ती गाडी लावायची आणि रोज कुणीतरी तोंड फिरवायचं. कारखान्याचे कामगार त्या वेळेला आत जात. काकी चाकाचा डाग पुसत, जणू आपल्याच घरातलं कुणी चुकलंय. एकदा अध्यक्ष म्हणाले, ‘ताईंना कळायला पाहिजे. इतक्या शिकलेल्या.’

मी स्वतःला आळीपेक्षा वेगळा समजत होतो. देवळात मी चप्पल सांभाळायला थांबतो, असं आमच्याकडे म्हणत. तर एका रविवारी दुपारी, आळीत चिटपाखरू नसताना, मी घरी येताना त्या चित्राला वळसा घालून ओट्यावर चढलो. ताई खिडकीत बसली होती. ‘तूसुद्धा,’ ती म्हणाली. मी म्हटलं की रंग बुटांना लागतो. रंग वाळून दोन महिने झाले होते.

मग मी हमरापूरला गेलो. म्हातारबाबा अंगणात बसून ब्रशांचे केस कातरत होते. मी म्हटलं, ‘बाबा, तेवढे डोळे पुसून द्या. बाकी राहू दे.’

‘मी काढलेलं पुसत नाय,’ ते म्हणाले. ‘माजं काम उघडायचं. मिटायचं नाय.’

‘मग आम्ही पुसू?’

‘पुसा की. कोन नको म्हन्तो?’ थोडं थांबून म्हणाले, ‘कोन पुसंल?’

ते खरं होतं. मी घरी येऊन पांढऱ्या रंगाचा डबा बाहेर काढला, काठीने ढवळलासुद्धा. ताई म्हणाली, ‘ठेव तो. उद्या सगळी आळी माझ्याकडे बघेल, तुझ्याकडे नाही.’ अध्यक्षांनी तोडगा सुचवला होता: जागा पलीकडच्या बाजूला नव्याने आखू, नवा अर्ज करा, मंडळ शिफारस करील. पलीकडे ओटा नव्हता, गटार होतं. ‘गटारावर फरशी टाकू,’ अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत नव्या उद्घाटनाची चमक दिसली. मी त्यांना ताईची जागा म्हणजे रस्ता नव्हे, ओट्याची उंची आहे, हे समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, ‘पण जागा तर मिळाली ना?’

ताईने त्यानंतर एकच अर्ज केला, आणि त्याचा मसुदा मला दाखवला नाही. मे महिन्यात तिची बदली रोह्याच्या कचेरीत झाली. शिक्षा झालेल्या माणसाला पाठवावं तशा ठिकाणी ती विनंती करून गेली, म्हणून तिच्या साहेबांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मी विचारलं, ‘कंटाळलीस?’ ती म्हणाली, ‘भांडायला कंटाळले नाही. सांभाळून घेणाऱ्यांना कंटाळले.’

रोह्यात तिने घर बघितलं ते एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, बाईंचं. बाईंची मुलं इस्रायलला जाऊन वीस वर्षं झाली होती. बाई गेल्या नाहीत. मागच्या दोन खोल्या त्यांच्या, पुढच्या ताईच्या. ताई घर बघायला गेली तेव्हा तिने खोल्या बघितल्याच नाहीत, असं बाई मला पुढे सांगायच्या. ओट्याला स्कूटर लावली, पंजा टेकला, अंग उचलून बघितलं आणि म्हणाली, ‘मला आवडलं घर.’ ओटा आमच्यापेक्षा चार बोटं उंच होता. तेवढं तिला जमत होतं.

मी पहिल्यांदा गेलो तो शनिवार होता. शाळा सकाळची, ती करून मी माझ्या स्कूटरवरून निघालो. नागोठण्यापर्यंत रस्ता बरा होता, पुढे नव्हता. दुपारी पोचलो तेव्हा कंबर मोडली होती. घरासमोरची गल्ली गाड्यांनी भरलेली, सायकली, एक हातगाडी, एक जीप. ओट्यालगत मात्र मोकळी जागा होती. तिथे ना पट्टे, ना पाटी. मी गाडी लावली आणि ओट्यावर बसलो.

बाई पांढरं पातळ नेसून दाराशी खुर्चीत बसल्या होत्या. शनिवार त्यांच्या धर्मात विसाव्याचा, त्या काम करत नसत, पण बघायला त्यांना मनाई नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

‘तू भाऊ व्हय तिचा?’

‘हो.’

‘मग गाडी काढ तिथून.’

मी म्हटलं, ‘जरा टेकतो, मावशी. पेणहून आलोय.’

‘टेक की. तू टेक, गाडी काढ. अर्ध्या दिवसाचं ऑफिस, यायची वेळ झाली तिची.’

‘इथे कुणी लावत नाही?’

‘लावतात. मी सांगते, मग काढतात.’ त्यांनी हातातल्या पंख्याने गल्लीच्या टोकाकडे दाखवलं. ‘तिकडं चिंचेखाली लाव. सावली पण हाय.’

मी चिंचेखाली जागा शोधली. तिथे एका बैलगाडीवाल्याला बाजूला व्हायला सांगावं लागलं, त्याने कुठून आलात, कुणाकडे आलात विचारलं, त्यात काही मिनिटं गेली. मी परत आलो तेव्हा ताईची स्कूटर ओट्याला घासून उभी होती, इंजिन अजून गरम, आणि ती आत स्टोव्हवर चहाचं आधण ठेवत होती.